स्पर्धा जिंकलेल्या पियानोवादकाचं पुढे काय होतं?

मंद्रसप्तक

ऑक्टोबर २०२५ मध्ये वॉर्सातली शोपँ स्पर्धा, म्हणजे पोलिश संगीतकार शोपँच्या नावाची पियानो स्पर्धा, एरिक लू या अमेरिकन पियानोवादकाने जिंकली. हाच एरिक लू २०१५ मध्ये, १७ वर्षांचा असताना, याच स्पर्धेत चौथा आला होता. मधल्या काळात इंग्लंडमधली २०१८ ची लीड्स पियानो स्पर्धा त्याने जिंकली, ध्वनिमुद्रणाचा करार झाला, मोठ्या वाद्यवृंदांबरोबर मैफली सुरू झाल्या. एवढं सगळं गाठीशी असलेला माणूस पुन्हा पहिल्या फेरीपासून परीक्षकांसमोर बसतो, हे मला विलक्षण वाटलं. हरला असता तर आधीची पुण्याईही पणाला लागली असती.

तेव्हापासून डोक्यात हाच विषय आहे. स्पर्धा जिंकली की नेमकं काय हाती लागतं? माझं मत असं, की हाती लागतात मैफलींच्या तारखा. त्या तारखा पेलायला लागणारा वेळ मात्र कुणी देत नाही, तो ज्याचा त्याने काढायचा असतो. जे टिकले त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी तो भांडून, प्रसंगी नुकसान सोसून काढलाय.

मौरिझिओ पोलिनी बघा. १९६० मध्ये १८ व्या वर्षी वॉर्सात पहिला आला. थोर पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइन परीक्षकांत होते आणि त्यांनी त्याची तोंडभरून स्तुती केली. शोपँचा पहिला कॉन्चेर्टो (एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना) लगेच ध्वनिमुद्रित झाला. जगभरातून बोलावणी येत असताना या पोराने मैफली अगदी कमी केल्या. काही काळ इटालियन पियानोवादक आर्तुरो बेनेदेत्ती मिकेलांजेलींकडे शिकला आणि शोपँच्या पलीकडचं भांडार उभं केलं. ७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच्या नव्या ध्वनिमुद्रिका आल्या त्यात स्ट्राविन्स्कीचं 'पेत्रुश्का' होतं, प्रोकोफिएव्हची सातवी सोनाटा होती आणि शोपँचे एतूद, म्हणजे एकेका तांत्रिक अडचणीवर बेतलेल्या छोट्या रचनाही होत्या. 'शोपँ स्पर्धेचा विजेता' ही ओळख मागे पडली आणि पोलिनी पोलिनी झाला. २०२४ मध्ये गेला तोवर वाजवत राहिला.

दुसऱ्या टोकाला व्हॅन क्लायबर्न. १९५८ ची पहिली चायकोव्हस्की स्पर्धा, मॉस्को, ऐन शीतयुद्ध. टेक्सासमध्ये वाढलेला २३ वर्षांचा उंच, सडसडीत मुलगा. आई रिल्डिया बी हीच पहिली गुरू, आणि तिने स्वतः संगीतकार-पियानोवादक लिस्टच्या शिष्याकडे, आर्थर फ्रीडहाइमकडे तालीम घेतलेली. पुढे न्यूयॉर्कला जुलियार्ड या संगीतविद्यालयात गुरू रोझिना लेव्हिन, म्हणजे थेट मॉस्को कॉन्झर्व्हेटरीची परंपरा. रशियन श्रोत्यांना त्याच्या वाजवण्यात आपलंच काहीतरी ऐकू आलं असणार. अंतिम फेरीत चायकोव्हस्कीचा पहिला आणि रखमानिनोव्हचा तिसरा कॉन्चेर्टो त्याने असे वाजवले की सभागृह डोक्यावर घेतलं गेलं. परत आल्यावर न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरून कागदी पट्ट्यांच्या वर्षावात मिरवणूक निघाली. त्यानंतर लोकांना त्याच्याकडून तेच दोन कॉन्चेर्टो हवे होते. वर्षानुवर्षं तेच. १९७८ मध्ये, वयाच्या चव्वेचाळिशीत, तो रंगमंचावरून बाजूला झाला. नंतर अधूनमधून वाजवलं, पण ती कारकीर्द पुन्हा उभी राहिली नाही.

दोघांच्या प्रतिभेत तुलना करायची माझी इच्छा नाही. क्लायबर्नचा तो आवाज, तो गोल, उबदार नाद, मला आजही अस्वस्थ करतो. प्रश्न एवढाच आहे, की जिंकल्यानंतरची पहिली पाच वर्षं कोणाच्या हातात होती. तुम्हा लोकांना काय वाटतं?

लेकीची_आई

फार आवडलं लिखाण. माझा प्रश्न जरा स्वार्थी आहे. मुलगी १३ वर्षांची आहे, सहाव्या वर्षापासून पियानो शिकतेय, आणि आता तिला स्पर्धांत उतरायचंय. कोरियन पियानोवादक युनचान लिमची २०२२ च्या स्पर्धेतली चित्रफीत तिने इतक्या वेळा बघितलीय की कुठल्या क्षणी तो मान वर करतो तेही तिला पाठ आहे. तिच्या बाई म्हणतात थांबा. दुसरीकडे सगळे म्हणतात की आत्ता नाही तर कधीच नाही. खरंच एवढं लवकर सुरू करावं लागतं का? आणि ही मुलं दिवसभर करतात तरी काय?

कळफलक

मी शिकवते, त्यामुळे राहवत नाही म्हणून लिहिते.

आधी लिमबद्दल. व्हॅन क्लायबर्नच्याच नावाची टेक्सासमधली स्पर्धा त्याने १८ व्या वर्षी जिंकली, तिथला सर्वांत लहान विजेता. सगळे त्याच्या रखमानिनोव्हबद्दल बोलतात, पण मला त्याची उपांत्य फेरी जास्त मोठी वाटते. लिस्टचे बाराच्या बारा ट्रान्सेन्डेन्टल एतूद त्याने सलग वाजवले. एक तासाहून जास्त वेळ, आणि त्यातला एकेक तुकडा सुटा वाजवतानाही भल्याभल्यांची दमछाक होते. असं काही धाडस अंगावर घ्यायचं तर मागे गुरू खंबीर लागतो. त्याचे गुरू मिन्सू सोन. पुढे ते बोस्टनला न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरीत गेले तर हाही त्यांच्यामागे तिथे गेला. नुकती एवढी मोठी स्पर्धा जिंकलेला मुलगा गुरू सोडत नाही, यातच बरंच काही आलं.

दिवसभर काय करतात, तर मुख्यतः हळू वाजवतात. बाहेरच्या माणसाला हे कधी दिसत नाही. एक उदाहरण देते. शोपँचा ओपस १० (रचनासंग्रहाचा क्रमांक) मधला दुसरा एतूद. उजव्या हाताची तिसरी, चौथी आणि पाचवी बोटं, म्हणजे हाताची सगळ्यात दुबळी बाजू, क्रोमॅटिक, म्हणजे एकही काळी-पांढरी पट्टी न गाळता येणाऱ्या स्वरांवरून सतत वर-खाली धावतात. त्याच वेळी अंगठा आणि तर्जनी प्रत्येक ठोक्यावर खालचे छोटे स्वर वाजवून लगेच सोडतात. लांब बोटं एकमेकांवरून ओलांडून जातात. मेट्रोनोमवर, म्हणजे ठोके देणाऱ्या यंत्रावर, शोपँनेच मिनिटाला १४४ ठोके लिहिलेत. आम्ही सुरुवात ५०-६० वर करतो, तीही खालचे स्वर गाळून, नुसत्या तीन बोटांनी. मग खालचे स्वर घालायचे, पण अंगठा कळीवरून क्षणात मोकळा झाला पाहिजे, चिकटून राहिला की मनगट आवळतं. मी विद्यार्थ्याला डाव्या हाताने स्वतःचा उजवा बाहू दाबून बघायला लावते. कोपराच्या खालचा स्नायू दगडासारखा लागला तर तिथेच थांबायचं, हात खाली सोडायचा, पुन्हा पहिल्यापासून. वेग वाढवायचा तो बोटांच्या जोरावर नाही, ताण नाहीसा झाला म्हणून. जेमतेम दीड मिनिटाचा तुकडा आहे आणि तो अनेक महिने खातो.

त्यानंतर पाठांतर. बोटांच्या सवयीने पाठ झालेलं सगळ्यात आधी दगा देतं, कारण भीतीने हात गार पडले की सवय तुटते. म्हणून कानाने पाठ पाहिजे, स्वरसंघांच्या चालीने पाठ पाहिजे, आणि पियानोपासून दूर खुर्चीत बसून डोळ्यांसमोर पान आणता आलं पाहिजे. पियानोवादक वाल्टर गीझेकिंग आणि त्याचे गुरू कार्ल लाइमर यांनी तर या पद्धतीचाच पुरस्कार केला: आधी वाचून मनात बसवा, मग वाद्याकडे जा. मी परीक्षा अशी घेते की मधलाच कुठलातरी बार सांगायचा आणि तिथून नुसत्या डाव्या हाताने सुरू करायला लावायचं. जे अडतात त्यांची तयारी झालेली नाही.

तुमच्या मुलीच्या बाई थांबा म्हणतात त्याला बहुतेक काहीतरी कारण असेल. त्यांना विचारा की कशासाठी थांबायचं, आणि तोवर काय वाजवायचं. या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ठोस मिळालं तर त्यांच्यावर विश्वास ठेवा.

तिसरी_घंटा

मंद्रसप्तक, तुमचा मुद्दा पटतो, पण तुम्ही निकाल जणू आभाळातून पडतो असं धरून चालला आहात. परीक्षक माणसंच असतात. १९८० साली वॉर्सात इव्हो पोगोरेलिच तिसऱ्या फेरीत बाहेर गेला तेव्हा विख्यात पियानोवादक मार्था आर्गरिच परीक्षकपद सोडून निघून गेली. तिच्या मते तो जीनियस होता. गंमत अशी की त्या वर्षीचा विजेता डांग थाय सॉन हाही अस्सल कलावंत निघाला, ही स्पर्धा जिंकणारा पहिला आशियाई. म्हणजे परीक्षक चुकले असंही धड म्हणता येत नाही, आणि आर्गरिच चुकली असंही नाही.

१९९० आणि १९९५ मध्ये तर पहिलं बक्षीस कुणालाच दिलं नाही. सलग दोनदा. आणि २००५ मध्ये रफाल ब्लेहाच पहिला आला तेव्हा परीक्षकांना तो इतका वरचढ वाटला की दुसरा क्रमांक रिकामाच ठेवला.

आताच्या पद्धतीत परीक्षक आपल्या शिष्याला गुण देत नाही. सरासरीपासून फार लांब गेलेला आकडा जवळ ओढला जातो. त्यामुळे एखाद्याचा रागलोभ निकाल फिरवू शकत नाही, हे चांगलंच झालं. पण याची दुसरी बाजूही आहे. ज्याला निम्मे परीक्षक डोक्यावर घेतात आणि निम्मे नाकारतात तो मागे पडतो, आणि ज्याच्याबद्दल कुणाचीच तक्रार नाही तो पुढे सरकतो. पोगोरेलिच आज असता तरी बाहेरच गेला असता, असं मला वाटतं.

शिवाय स्पर्धेशिवायही रस्ता आहेच की. येवगेनी किसिनने १२ व्या वर्षी, १९८४ मध्ये, मॉस्कोत शोपँचे दोन्ही कॉन्चेर्टो एकाच संध्याकाळी वाजवले. त्याला कुठल्या स्पर्धेची गरज पडली? एकच गुरू, ॲना कांतोर, अखेरपर्यंत.

मंद्रसप्तक

@तिसरी_घंटा, किसिन हा अपवाद झाला, त्याच्यावरून रस्ता आखता येणार नाही. पण दुसरा रस्ता खरोखर आहे, ऐनवेळी बदली म्हणून उभं राहण्याचा. १९६३ मध्ये पियानोवादक ग्लेन गूल्ड आजारी पडला आणि १६ वर्षांचा आंद्रे वॉट्स कंडक्टर बर्नस्टाइनबरोबर न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमध्ये उभा राहिला. १९९९ मध्ये शिकागोजवळच्या रॅव्हिनिया महोत्सवात तोच वॉट्स वाजवू शकला नाही तर लांग लांगला संधी मिळाली. २००७ मध्ये बोस्टनला आर्गरिचच्या जागी युजा वांग. पण यात नशिबाचा भाग किती आणि तयारीचा किती? काल सांगून आज वाजवायला तो कॉन्चेर्टो बोटांत आधीपासून मुरलेला लागतो. लांग लांग आणि युजा वांग दोघेही फिलाडेल्फियाच्या कर्टिस संगीतसंस्थेत पियानोवादक गॅरी ग्राफमनकडे तयार झाले. कर्टिसमध्ये १९२८ पासून शिकवणीचं शुल्क घेतच नाहीत, प्रवेश मात्र मोजक्यांनाच.

परीक्षकांबद्दलचा तुमचा मुद्दा मान्य. तरी माझा प्रश्न जिंकल्यानंतरचा आहे, आणि त्यात आर्गरिचचं उदाहरण मला सगळ्यात जवळचं वाटतं. १९५७ मध्ये १६ व्या वर्षी तिने बोल्झानोची बुसोनी स्पर्धा आणि जिनेव्हाची स्पर्धा, दोन्ही काही आठवड्यांच्या अंतराने जिंकल्या. त्याच्या आधी ब्वेनोस आयरेसला स्कारामुत्सांची कडक शिस्त, मग व्हिएन्नात फ्रीडरिख गुल्डांकडे मोकळा श्वास. दोन स्पर्धा खिशात, मैफली सुरू. आणि मग तिला वाजवणंच नकोसं झालं. मिकेलांजेलींकडे गेली तिथे मोजकेच धडे मिळाले. एक काळ असा होता की ती पियानोजवळ जवळपास जातच नव्हती, सेक्रेटरीची नोकरी करावी असं तिच्या मनात होतं. स्टेफान आस्केनाझे आणि त्यांच्या पत्नीने तिला परत वळवलं. १९६५ मध्ये ती वॉर्सात उतरली आणि जिंकली. त्या स्पर्धेतलं ध्वनिमुद्रण ऐका. नुसत्या शिस्तीत वाढलेली मुलगी असं वाजवत नाही. मधली जी रिकामी वर्षं लोकांना वाया गेलेली वाटतात, त्यांचा यात वाटा आहे, असं मी ठामपणे मानतो.

उत्तररात्र

मी हातांच्या विकारांवर फिजिओथेरपी देते, वादक बरेच येतात. या धाग्यात हाताबद्दल कुणीतरी बोलायला हवं.

पियानोवादक लिऑन फ्लायशर हे नाव इथे आलंच पाहिजे. नवव्या वर्षी आर्टुर श्नाबेलचा शिष्य. १९५२ मध्ये ब्रसेल्सची क्वीन एलिझाबेथ स्पर्धा जिंकणारा पहिला अमेरिकन. कंडक्टर जॉर्ज झेल आणि क्लीव्हलँड वाद्यवृंदाबरोबरचे त्याचे बेथोव्हेन आणि ब्राम्सचे कॉन्चेर्टो अजूनही मापदंड मानले जातात. आणि ६० च्या दशकाच्या मध्याला, ऐन पस्तिशीत, उजव्या हाताची चौथी-पाचवी बोटं आपोआप तळव्याकडे वळू लागली. फोकल डिस्टोनिया. त्या वेळी नीट निदानही होत नव्हतं. सतत, अतिशय सूक्ष्म आणि सारखीच हालचाल होत राहिली की मेंदूत प्रत्येक बोटाची जी स्वतंत्र जागा असते तिच्या सीमा पुसट होतात आणि एका बोटाला दिलेला हुकूम शेजारच्यालाही जातो. स्नायू ठणठणीत, नसा ठणठणीत, दुखत बहुधा नाहीच, पण बोट ऐकत नाही. जास्त रियाज करून ते सुटेल असं वादकाला वाटतं आणि तिथेच घात होतो.

फ्लायशरने शिकवलं, वाद्यवृंद चालवले, डाव्या हाताचं वाङ्मय वाजवलं. पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेल्या पाउल विट्गेनश्टाइनसाठी राव्हेलने लिहिलेला कॉन्चेर्टो त्यात होता. ९० च्या दशकात बोटॉक्सची इंजेक्शनं आणि स्नायू मोकळे करणारे उपचार यांमुळे तो पुन्हा दोन हातांनी वाजवू लागला. जवळपास तीस वर्षं गेली होती. मंद्रसप्तक यांनी वर उल्लेख केलेले ग्राफमन, त्यांचाही उजवा हात असाच गेला आणि म्हणून आपल्याला शिक्षक ग्राफमन मिळाले.

@लेकीची_आई, स्पर्धेच्या आधीचे दोन महिने सर्वांत धोक्याचे. मुलं तास वाढवतात. मुंग्या, बोट जड वाटणं, आधी सहज येणारी जागा एकाएकी अडखळणं, यातलं काहीही दिसलं तर त्या दिवशी झाकण बंद करायचं. "थोडं दुखतंच" हे वाक्य घरात चालू देऊ नका.

तिसरी_घंटा

उत्तररात्र, हे अंगावर आलं. धन्यवाद लिहिल्याबद्दल.

ब्रसेल्सचा विषय निघालाच आहे तर सांगतो, मला सगळ्या स्पर्धांत तीच खरी कसोटी वाटते. अंतिम फेरीतले बारा जण संगीताच्या एका निवासी संस्थेत आठवडाभर मुक्कामाला जातात. फोन नाही, गुरू नाही. हातात वाद्यवृंदासह वाजवायची एक नवीकोरी रचना ठेवतात, जी आजवर कुणी ऐकलेलीच नाही. नक्कल करायला ध्वनिमुद्रण नाही. सात दिवसांत स्वतःच्या डोक्याने ती वाचायची, बसवायची आणि अंतिम फेरीत वाजवायची. इतरत्र विद्यार्थी गुरूचं वाजवतोय की स्वतःचं हे कळणं अवघड, तिथे ते झाकता येत नाही.

कळफलक

@तिसरी_घंटा, शंभर टक्के सहमत. आणि मंद्रसप्तक यांच्या मूळ प्रश्नाचं उत्तर मला यातच दिसतं. जिंकल्यानंतरचं आयुष्य ब्रसेल्सच्या त्या आठवड्यासारखं असतं, फक्त वर्षानुवर्षं. दर दोन-तीन दिवसांनी नवीन गाव. सनईवाला आपली सनई घेऊन येतो, पियानोवादकाला समोर असेल तो पियानो. एखाद्याच्या कळा जड, एखाद्याचा वरचा भाग काचेसारखा कर्कश, एखाद्याचं पेडल उशिरा सोडतं. क्रिस्टियन झिमरमानसारखा एखादाच आपला पियानो बरोबर नेतो. वाद्यवृंदाबरोबर तालीम मिळते ती एक, फार तर दोन. कंडक्टर पहिल्यांदाच भेटतोय. त्यात पुढच्या हंगामासाठी दोन-तीन नवे कॉन्चेर्टो बसवायचे, तेही हॉटेलात, विमानतळावर, मिळेल त्या सरावखोलीत. गुरूने बोट धरून बसवलेल्या दोन-तीन कार्यक्रमांवर जो जिंकला त्याची शिदोरी दुसऱ्या वर्षी संपते. ज्याला स्वतः पान वाचून अर्थ लावता येतो तो पुढे जातो. हाइनरिख नॉयहाउस यांच्या हाताखालून रिख्टर आणि गिलेल्स असे दोन टोकाचे वादक बाहेर पडले, याचं कारण मला हेच वाटतं की ते विद्यार्थ्याला आपल्यासारखं वाजवायला लावत नव्हते.

म्हणून एरिक लूचं पुन्हा उतरणं मला समजू शकतं. १७ व्या वर्षी तो वाजवत होता ते सुंदरच होतं. २०२५ च्या अंतिम फेरीत कॉन्चेर्टोआधी सगळ्यांना पोलोनेज-फँटसी वाजवायची होती. शोपँच्या अखेरच्या काळातली, विस्कळीत वाटणारी, पकडायला अतिशय कठीण रचना. तिथे वेगाचा उपयोग नाही. ती त्याने ज्या धीराने उलगडली तो धीर मधल्या दहा वर्षांचा आहे.

लेकीची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल बाईंशी बोलले. कळफलक, तुम्ही सांगितलेला प्रश्न विचारला, आणि उत्तर ठोस मिळालं. या वर्षी बाखचे तीन प्रिल्यूड आणि फ्यूग, हायडनची एक सोनाटा पूर्ण, आणि एक तुकडा असा जो मुलीने स्वतः निवडायचा, ध्वनिमुद्रण न ऐकता बसवायचा. स्पर्धेबद्दल पुढच्या वर्षी बोलू म्हणाल्या. मुलगी आधी रुसली, मग तिसऱ्या गोष्टीवर डोळे चमकले. आता ती कपाटातली सगळी पुस्तकं काढून जमिनीवर पसरून बसलीय.

उत्तररात्र, हाताचं तुम्ही लिहिलेलं तिला वाचून दाखवलं. तिने विचारलंय की हात गार पडले असताना सुरुवात कशाने करायची?

उत्तररात्र

आधी कोमट पाण्यात दोन-तीन मिनिटं हात, मग खांदे आणि मान मोकळी करायची. वाद्यावर बसल्यावर पहिली दहा मिनिटं पाचच स्वरांच्या टप्प्यात, सावकाश, हलक्या आवाजात. सप्तकाचे ताण आणि मोठे स्वरसंघ त्यानंतर. आणि दर २५-३० मिनिटांनी उठायचं, कितीही रंगलं असलं तरी.

कळफलक

आणि तिने तिसरा तुकडा कोणता निवडला ते इथे नक्की लिहा.